येळवशीचं उपोषण

गेल्या आठवड्यात गोलाईच्या बाजारात भाजी आणायला गेले आणि पाच मिनिटं नुसतीच उभी राहिले. चुक्याच्या जुड्या, चंदनबटवा, हरभऱ्याचे हिरवे डहाळे, तुरीच्या टपोऱ्या शेंगा, पातीचा कांदा, चिंचा. सगळ्या चौकात एक हिरवा, आंबट वास भरून राहिला होता. हा वास आला की लातूरची माणसं जराशी बिघडतात. एरवी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी बाई भाव न विचारता पिशवी पुढं करते. बँकेतला माणूस पासबुक छापता छापता शेजारच्याला विचारतो, "औंदा कुणाच्या शेतात?" आणि मागं रांगेत उभी असलेली माणसं चिडण्याऐवजी त्या गप्पांत भाग घेतात.

वेळ अमावस्या. इथल्या तोंडी येळवस. मार्गशीर्षातली ही अवस आली की अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याची छोटी कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली आंबट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तीळ लावलेल्या भाकरी, गव्हाची खीर, वर ताकातली गार आंबील. ज्याला शेत नाही तो शेतवाल्याकडं जातो, आणि शेतवाला बांधावर उभा राहून रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारतो. त्या दिवशी आपल्या शेताजवळून कुणी न जेवता गेलं तर ते त्याच्या जिवाला लागतं.

मी नांदेडची. बाबा रेल्वेत होते. आमचा हिवाळा म्हणजे क्वार्टरच्या दारातली शेकोटी आणि गोदावरीवरचं धुकं. येळवशीचं एवढं प्रस्थ आमच्या शहरात नाही, त्यातून आम्ही बौद्ध, घरात ही पूजा नाही. चित्रकलेची शिक्षिका म्हणून लातूरला रुजू झाले त्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर दुकानं बंद, रिक्षा नाहीत, कुत्री तेवढी रस्त्याच्या मधोमध ऊन खात पडलेली. मला वाटलं, गावात दंगा झाला. दबकत घरी आले आणि कडी लावून बसले. दुपारी घरमालकीण टेम्पोतून उतरून मला न्यायला आली. "मॅडम, दार लावून काय बसलाव? तिकडं भज्जी निवायलीय," म्हणाली. तेव्हापासून मी या सणाची झाले, सण माझा झाला की नाही ते माहीत नाही.

आता आम्ही राहतो त्या कॉलनीचं पाटीवरचं नाव फार भारदस्त आहे, पण रिक्षावाल्याला 'गंगाकाकूचा मळा' म्हटल्याशिवाय कळत नाही. गंगाकाकू अजून आहेत, आमच्या समोरच्याच घरात. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, आवाज असा की हळू बोलल्या तरी तिसऱ्या गल्लीत कळावं. हा सगळा मळा त्यांचा होता. बायपास झाला तो मळ्याच्या मधून गेला. अलीकडं प्लॉट पडले, घरं झाली. पलीकडं एक पट्टी उरली. तिच्यात काकू अजून ज्वारी पेरतात, आणि तिथल्या लिंबाखाली त्यांचे पाच पांडव आहेत. शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं, बसथांबाही पलीकडंच. म्हणजे आमची झोप अलीकडं, बाकीचं सगळं आयुष्य पलीकडं आणि मध्ये तो रस्ता.

येळवशीच्या सुमारालाच तो रस्ता सगळ्यात वाईट असतो. कारखाने सुरू झालेले असतात. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून, गाणी लावून निघतात, आणि मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीचं काही ऐकत नाही. त्यात हैदराबादकडचे, कर्नाटकातले ट्रक. आमच्या तोंडाशी रस्ता वळण घेतो, त्यामुळं गाडी दिसते तेव्हा ती जवळजवळ अंगावर आलेली असते. मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय, त्याच्या आदल्या हिवाळ्यात अशाच एका मागच्या ट्रॉलीचा कोपरा सानिकाच्या सायकलला लागला. सानिका माझ्या शेजारच्या शोभाची एकुलती एक मुलगी. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. पोरगी वाचली, चालायलाही लागली, पण पाय थोडा ओढत.

शोभा घरी ब्लाउज शिवते. तिचा नवरा बालाजी दालमिलमध्ये आहे. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं तिच्या मशीनचा आवाज हा माझ्या घरातला आवाज आहे. बायपासवर करकचून ब्रेक वाजला की ते मशीन थांबायचं. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू व्हायचं. सकाळ-संध्याकाळ ती मशीनवरून उठून लेकीला रस्ता ओलांडून द्यायची, तोही मनगट धरून. नववीतली मुलगी ती, वर्गातल्या पोरी पलीकडून बघून हसायच्या. सानिका मान खाली घालून चालायची आणि शाळेच्या फाटकाशी आईचा हात झटकून टाकायची.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मला दोघी ऐकू आल्या. शोभानं ठरवलं होतं की नववीची परीक्षा झाली की टीसी काढायची आणि दहावीला सानिकाला उदगीरला मामाकडं ठेवायचं. तिथं शाळा घराच्या दारात होती.

"मला न्हाई जायचं उदगीरला," सानिका म्हणाली.

"मलाबी न्हाई पाठवायचं," शोभा म्हणाली. "पण मला तू जिती पायजेस."

शोभाला मी बारा गावची भांडणं अंगावर घेताना पाहिलंय. भाजीवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरून पाणी सांडणारी बाई, कुणाला तिनं सोडलेलं नाही. त्या दिवशी ती भांडत नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

कॉलनीची समिती होती. मोरे सर अध्यक्ष. गणिताचे निवृत्त शिक्षक, प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायचे. आमची मागणी साधी होती, वळणावर ब्रेकर आणि एक मोठा दिवा. रस्त्यांच्या खात्याकडून उत्तर आलं होतं की एवढ्या मोठ्या रस्त्यावर ब्रेकर देता येत नाही, नियमात बसत नाही. दिव्याचं काही लिहिलंच नव्हतं. तेव्हा समितीनं ठरवलं की वळणावर मांडव टाकून एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण करायचं.

तारीख ठरवायला मोकळ्या जागेत सभा झाली. फलक मी रंगवणार म्हणून मीही होते. मोरे सर मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडून एकेक दिवस वाचत गेले. कुणाच्या मेव्हण्याचं लग्न, कुणाची मिलमध्ये पाळी, कुणाला आडतीवर सौद्याला जायचं, शाळेत स्नेहसंमेलन. असं करता करता एक दिवस मात्र असा निघाला की त्या दिवशी कुणालाच काही काम नव्हतं. बँकवाला मोकळा, मास्तर मोकळे, मिल बंद, आडत बंद. हा योग चांगला जुळून आला म्हणून सगळे खूश झाले. टाळ्यासुद्धा वाजल्या. आपल्याला त्या दिवशी काम का नाही, हा प्रश्न भरसभेत एकालाही पडला नाही. येळवशीचा दिवस सगळ्यांनी मनातल्या मनात इतका पक्का मोकळा ठेवला होता की तो मोकळा का आहे हेच आठवलं नाही.

निवेदन द्यायला मोरे सर चार जणांना घेऊन खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं कागद वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

"नक्की का?" त्यानं विचारलं.

सरांना वाटलं, हा दम देतोय. ते ताठ झाले. "नक्की. आता माघार नाही," म्हणाले.

"बरं," बाबू म्हणाला आणि शिक्का मारला. परत आल्यावर सर आम्हाला अभिमानानं सांगत होते की आपला निर्धार बघून तो माणूस हसायला लागला, म्हणजे आतून घाबरला.

मी दोन संध्याकाळी खपून फलक रंगवला. लाल अक्षरांत 'लाक्षणिक उपोषण', खाली निळ्यात मागण्या, एका कोपऱ्यात दप्तर घेतलेली मुलगी. ओट्यावर वाळत ठेवला होता तेव्हा गंगाकाकू आल्या. "वाचून दाखव की माय," म्हणाल्या. मी वाचलं. तारखेपाशी आले तशा काकू खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, भरून आलं. पण त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत.

"आगं, त्या दिशी येळवस हाय."

संध्याकाळी पुन्हा सभा भरली, पण या वेळी टाळ्या नव्हत्या. मोरे सर एका दगडावर बसून मोबाइलकडं असं बघत होते, जणू त्या यंत्रानं भर वर्गात त्यांना चुकीचं उत्तर सांगितलं होतं. तारीख बदलावी तर खातं हसणार. उपोषण करावं तर येळवशीला लातुरात उपाशी बसणार कोण? "माजी आई मला घरात घेणार न्हाई," बँकवाला म्हणाला. आडतीवरचा म्हणाला, "आपण उपाशी, आन आजूबाजूच्या समद्या शेतात माणसं जेवायलीत. कसं दिसंल ते?" शोभा एका बाजूला उभी होती. ती एकदाही हसली नाही.

शेवटी काकूच बोलल्या. "तारीख बदलू नका. जागाबी बदलू नका. फकस्त उपास करू नका, जेवा. मला दर सालाला टोपलं घेऊन पलीकडं जावंच लागतंय. औंदा समदी कॉलनी यील. आन रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून जेवायला बलवायचं, हे तर आपलं कामच हाय. त्याला काय कुणाचा कागद लागतोय का?"

मोरे सरांनी मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "पण फलक?"

"लावा की," काकू म्हणाल्या. "मॅडमनी एवढं रंगीवलंय."

त्या दिवशीची सकाळ मला वासानं आठवते. उजाडायच्या आधीच प्रत्येक स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ उकळत होता. थंडी बोचरी होती, रस्त्यावर उसाची पाचटं उडत होती. उन्हं वर आली तशी दारं उघडली आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बाहेर पडल्या. आमच्या कॉलनीत एवढ्या टोपल्या आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एरवी जिनं मिक्सरच्या आवाजावरून माझ्याशी अबोला धरला होता, तीही पोळ्यांची चवड घेऊन माझ्यापुढं चालत होती. काकू सगळ्यांत पुढं, कमरेवर आंबिलीचं मडकं. बायपासच्या कडेला आल्यावर पुरुष दोन्ही बाजूंना हात वर करून उभे राहिले आणि आम्ही ओलांडायला सुरुवात केली. एक टोपली पलीकडं पोचेपर्यंत दुसरी रस्त्यावर आलेली असायची, दुसरीनंतर तिसरी. कुणी भाकरी विसरलं, कुणी मीठ विसरलं म्हणून परत येत होतं. काही जण, मला दाट शंका आहे, मुद्दाम विसरत होते. गाड्या थांबल्या. येळवशीचं टोपलं डोक्यावर घेतलेल्या बाईला हॉर्न मारायची हिंमत या मुलखात कुणाला होत नाही.

आणि काकूंनी रस्त्याच्या कडेला मडकं ठेवून हाका मारायला सुरुवात केली. "या, जेवून जावा." पहिल्या दोन गाड्या हात जोडून निघून गेल्या. तिसरा कर्नाटकाचा ट्रक होता. काकूंचं माहेर उदगीरच्या खालच्या अंगाचं, कन्नड त्यांच्या जिभेवर सरावाचं. "बन्नी, ऊटा माडी," या, जेवा, त्यांनी हाक दिली. ड्रायव्हरनं ट्रक कडेला घेतला, खाली उतरला, चपला काढल्या आणि घरच्यासारखा लिंबाखाली जाऊन बसला. त्याच्यामागं एक टेम्पो थांबला, मग उसाचा ट्रॅक्टर, मग मोटारसायकली. सगळ्यांनी शेतं गाठायची घाई सोडून आमच्याकडं वळावं इतका त्या भज्जीचा वास पसरला होता. वाहनांची रांग वळणापार गेली. त्या दिवशी रास्ता रोको हा शब्द आमच्यापैकी एकानंही तोंडातून काढला नाही.

बंदोबस्ताला आलेला हवालदार किनवटकडचा होता. त्यानं लिंबाला बांधलेला माझा फलक वाचला आणि खालची पंगत बघितली. "अर्ज त उपोषणाचा हाय," तो म्हणाला. "अन् तुमी लोकं जेवून राहिले."

"लाक्षणिक आहे," मोरे सर म्हणाले. गणितातल्या माणसाला यापेक्षा बरं उत्तर सुचलं नसतं.

"सायेब, आधी बसा," काकूंनी पत्रावळ पुढं केली. त्यानं इकडंतिकडं बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसला.

मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला काकू येऊन टेकल्या. माझ्या पत्रावळीतला उंडा त्यांनी मोडून दिला, अर्धा स्वतः खाल्ला. माझे बाबा लहान असताना दुसऱ्याच्या बांधावर येळवशीचं जेवण जेवले होते, पण पंगतीपासून लांब, ओंजळीत वाढून घेऊन. ते हे फार साधेपणानं सांगायचे आणि पुढं लगेच भज्जीच्या चवीचं कौतुक करायचे. काकूंनी उंडा मोडला तेव्हा मला बाबांची आठवण आली आणि घास गिळवेना. काकूंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, तिखट लागलं, म्हणून त्यांनी माझ्या पत्रावळीत खीर ओतली.

दुपारी रांगेत एक पांढरी गाडी अडकली. आतल्या बाई काकूंच्या हाकेसरशी उतरल्या, त्यांच्यामागं त्यांचे यजमान, बघताच कुठल्या तरी कचेरीतले साहेब वाटावेत असे. सासुरवाडीच्या शेतात निघाले होते म्हणे. त्यांची गाडी कॉलनीच्या बाजूला थांबली होती आणि पंगत पलीकडं. काकूंनी साहेबांच्या हातात आंबिलीचा पेला दिला आणि "चला माझ्यासंगं," म्हणून रस्त्यावर घेतलं. त्याच वेळी मोकळ्या बाजूनं, वळणावरून, एक भरधाव टेम्पो आला. ब्रेक असे वाजले की सगळ्या पंगतीचे हात थांबले. टेम्पो साहेबांच्या अगदी जवळून घसरत पुढं जाऊन थांबला. आंबील त्यांच्या शर्टावर सांडली होती. ते रस्त्याच्या मधोमध रिकामा पेला धरून उभे होते.

इकडं शोभा वाढता वाढता धावली होती. सानिका लिंबाखालीच होती, सुखरूप, पाण्याचा तांब्या घेऊन. तरी शोभानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "आई, मी हितंच हाय," सानिका हळूच म्हणत होती. साहेबांनी ते बघितलं. मी त्यांना बघताना बघितलं.

त्यांच्या बायकोनं पदरानं त्यांचा शर्ट पुसला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, हा रस्ता तुमच्याच खात्याकडं आहे ना?"

मोरे सरांचा हात आपसूक खिशाकडं गेला. निवेदनाची प्रत ते झोपतानाही जवळ ठेवत असावेत. पण काकूंनी त्यांना तिथंच अडवलं. "मास्तर, माणूस जेवायला बसायलाय. जेवताना कागद काढू नका." आणि त्यांनी साहेबांच्या पत्रावळीत भज्जीचा आणखी एक मोठा डाव वाढला. साहेब मान खाली घालून सगळं जेवले. जाताना काकूंना नमस्कार केला, "येतो," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

आता कुणी काढला ते कधीच कळलं नाही, पण एक फोटो निघाला होता. वर माझा लाल अक्षरांतला 'लाक्षणिक उपोषण' आणि बरोबर त्याच्याखाली साहेब, घास तोंडात. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनमध्ये पोचला. लोक इतके हसले की विचारू नका. मीही हसले, शाळेत तर मला 'उपोषणवाल्या मॅडम' म्हणायला लागले. मग कुणीतरी बातमी आणली की साहेबांना वरून फार ऐकून घ्यावं लागलं. खात्याकडून काहीच हालचाल होईना. संक्रांत गेली. सर म्हणाले, "साहेब दुखावले. आता विषय संपला."

असेच एकदा ओट्यावर बसून आम्ही त्या फोटोवर पुन्हा हसत होतो, तेव्हा शोभा हातातली कात्री घेऊनच बाहेर आली.

"हसा," ती म्हणाली. "तुमचं हसणं व्हईल, माजी पोरगी जायलीय."

तिनं आवाजही चढवला नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी उठून आत गेले आणि पातळ बदलून परत आले. काकूंनीही तोवर चप्पल घातली होती. आम्ही तिघी रिक्षानं त्या ऑफिसात गेलो.

साहेबांनी काकूंना लगेच ओळखलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बसा म्हणाले, चहा सांगितला. काकू बसल्या नाहीत. मोरे सरांकडून आणलेला तो कागद त्यांनी कनवटीतून काढला, टेबलावर ठेवला आणि हातानं सारखा केला.

"जेवताना काढू दिला न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आता काढायलेय."

साहेबांनी कागद वाचला नाही. त्यांना तो पाठ असणार. ते शोभाकडं बघत होते. "मुलगी तीच ना, तांब्या घेतलेली?" त्यांनी विचारलं. शोभानं मान हलवली. त्या फोटोबद्दल मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. "ब्रेकर नियमात बसत नाही हो, खरंच बसत नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, "पण तिथं मधोमध उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला कळलंय. बघतो मी."

बघतो हा शब्द सरकारी कचेरीत आम्ही खूपदा ऐकला होता, त्यामुळं आम्ही फारशी आशा न धरता परत आलो. फाल्गुनात, सानिकाची परीक्षा तोंडावर आलेली असताना, एका सकाळी वळणावर गाडी येऊन उभी राहिली. माणसं उतरली. ओळीनं जाड पांढऱ्या उंचवट्याच्या पट्ट्या टाकल्या गेल्या, वळणाच्या दोन्ही अंगांना. त्यांचं खात्यातलं नाव वेगळंच काहीतरी आहे, आम्ही ब्रेकरच म्हणतो. पाठोपाठ उंच दिव्याचा खांब आला. त्या रात्री गाड्या पट्ट्यांवरून खडडड वाजत हळू होत होत्या आणि एरवी आवाजानं झोपमोड झाली म्हणून कावणारी सगळी कॉलनी आपापल्या गच्चीवर उभी राहून तो आवाज ऐकत होती.

टीसी निघाली नाही. सानिका दहावी इथंच झाली, मनगट न धरता. पहिल्या दिवशी ती एकटी निघाली तेव्हा समोरच्या प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी उगीचच काहीतरी निवडत बसलं होतं. शोभा बाहेर आलीच नाही. भिंतीपलीकडं मशीन चालू होतं, फार वेगात, आणि नंतर तिनं मला सांगितलं की त्यात कापडच नव्हतं.

एवढ्याशा पट्ट्यांनी जगात काही फार मोठं झालं असं नाही. कॉलनीत अजून नाल्याचं भांडण आहे, मोकळ्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे, मोरे सर नवीन निवेदनं लिहितात आणि आता तारीख ठरवण्याआधी काकूंना विचारतात. पण मला त्या मोसमाचं अजून अप्रूप वाटतं. शेजाऱ्यांवर माझा जीव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. लग्न, बारसं, दुखणं यांत माणसं एकत्र येतातच. एका बाईची मुलगी घरात राहावी म्हणून सगळ्यांनी पहाटे उठून चिंच कोळली, हे मात्र मी एकदाच पाहिलं.

सानिका आता नांदेडला आहे, नर्सिंगला. माझ्या भावाच्या घरापासून तिचं वसतिगृह जवळच आहे. हा निर्णय तिचा होता, कुठल्या रस्त्याच्या भीतीचा नव्हता, आणि शोभानं अर्ज भरताना एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही. यंदा येळवशीला ती आली होती. काकूंना आता चालवत नाही, त्यांना खुर्चीवर बसवून पलीकडं नेलं. सानिकानंच मडकं घेतलं. पाय अजून थोडा ओढते, पण रस्ता ओलांडताना मागं वळून बघत नाही.

परवा सकाळी ती परत निघाली. गाडीत जागा मिळावी म्हणून बालाजीनं तिला स्कूटरवर बसवून स्टँडला नेलं. शोभा घरी थांबली. थोड्या वेळानं बघते तर ती ओल्या हातानंच बायपासच्या कडेला जाऊन उभी राहिलेली. नांदेडची गाडी इथूनच जाते. मीही तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. वळणावरून लाल बस आली आणि पट्ट्यांवर चढताच तिचा वेग एकदम उतरला, खिडक्या एकेक करून आमच्यासमोरून सरकायला लागल्या. तिसऱ्या का चौथ्या खिडकीत सानिका होती, कपाळ काचेला टेकवून, हसत. शोभानं हात हलवला नाही, हाकही मारली नाही. बस पट्ट्यांवरून पुढं उतरेपर्यंत तिनं लेकीला पोटभर बघून घेतलं.